सौद्याची साखर

जालन्यात मी वकिली केली म्हणजे काय केलं, तर उभा जन्म लोकांची दुकानं विकली अन् विकत घेतली. माझं स्वतःचं एकही न्हाई. खुनाचे, दरोड्याचे मुकदमे लढवणारे वकील वेगळे. ते रुबाबात टांग्यातून यायचे. माझ्याकडं यायची ती बाजारातली माणसं, घामेजलेली, टोपीनं वारा घेत, अन् सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, "वकीलसाहेब, जरा जल्दी करा." जल्दी म्हणे! ज्या गादीवर आजा बसला, बाप बसला, ती यांना दुपारच्या जेवणाआधी विकायची असायची.

काम असं की आधी विकणाऱ्याची मालकी खरी हाय का ते बघायचं. भाऊबंद किती, त्यातला कोण रुसून परतूरला जाऊन बसलाय, त्याला शोधायचं अन् सहीसाठी त्याच्या हातापाया पडायचं. जागेच्या चारी सीमा स्वतःच्या पायानं चालून बघायच्या. मंग बैनामा, म्हणजे विक्रीचा कागद, उर्दूत लिहायचा. निजामाचं राज्य होतं अन् कचेरीला आमची मराठी चालत नव्हती. घरी मराठी, कचेरीत उर्दू अन् डोकं दुखलं की दोन्ही एकदम. शेवटी रजिस्ट्रीला जाऊन बाकड्यावर बसायचं. साहेब जेवायला गेले. साहेब दौऱ्यावर गेले. साहेब आले, पर शाई संपली. माझी अर्धी हयात त्या बाकड्यानं खाल्ली.

पर मला खरं कातावून सोडलं ते साखरेनं. आमच्या बाजारात रिवाज होता. दुकान विकलं की विकणारा स्वतः ताटात साखर घेऊन आजूबाजूच्या दुकानांत जायचा, चिमूट चिमूट हातावर ठेवायचा अन् सांगायचा, सौदा झाला. शेजाऱ्यानं ती तोंडात टाकायची, "बरं झालं" म्हणायचं. हिंदू असो, मुसलमान असो, गोडाला कुणी न्हाई म्हणत नव्हतं. दारी आलेल्या गोडाला न्हाई म्हटलं तर मंग बोलणंच खुंटायचं.

आता त्याच राज्यात कायदाही होता, शुफा नावाचा. शुफा म्हणजे शेजाऱ्याचा पहिला हक्क. तुमच्या भिंतीला लागून असलेली जागा तिसराच माणूस घेत असेल, तर त्यानं दिली तीच किंमत देऊन ती तुम्ही मागून घेऊ शकता. फार चांगला कायदा. फक्त एक अट होती. विक्रीची खबर कानावर पडल्या पडल्या, उभ्या जागी, गवाहांसमोर तोंड उघडून मागायचं. "बघतो", "घरी विचारतो" म्हटलं की हक्क गेला. अन् साखर खाल्ली म्हणजे तर सौदा कबूलच केला.

बाजारातल्या हुशार लोकांनी या दोन गोष्टींची गाठ मारली. विकणाऱ्याच्या हाती साखर द्यायची, मागं आपले दोन गवाह चालवायचे. शेजारी बिचारा आनंदात न्हाई तर दुःखात चिमूटभर साखर खातो, अन् कायदा त्याच्या हातातून सुटतो. रिवाज आजोबांचा, फास वकिलांचा. बोलणाऱ्याची माती खपते अन् न बोलणाऱ्याचं सोनं खपत न्हाई म्हणतात, ते आमच्या जालन्याच्या बाजारासाठीच म्हटलं असावं.

जुन्या बाजारात एका ओळीत तीन दुकानं होती. मधलं एका कासारणीचं. बाई विधवा, पन्नाशीची, हात मात्र असे की मनगट कितीही जाड असू दे, बांगडी चढणारच अन् बाईला कळणारही न्हाई. तिच्या डाव्या अंगाला एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याचं दुकान, उजवीकडं कल्हईवाला. तिघांच्याही जागा स्वतःच्या मालकीच्या. भाडं कुणाचं न्हाई, सारा न्हाई, फक्त जागेला लागून जागा.

कासारणीच्या दुकानाला पुढं बाजार होता, पर तिचा खरा धंदा मागच्या दारानं चालायचा. ते दार अत्तरवाल्याच्या अंगणात उघडायचं अन् अंगणातून एक गल्ली मोहल्ल्यात जायची. पडद्यातल्या बायका भर बाजारात, आडत्यांच्या अन् हमालांच्या समोर बसून बांगड्या कशा भरणार? त्या मागनं यायच्या. ईदेच्या आधी तर अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. म्हातारा अत्तरवाला अशा वेळी पुढं ओट्यावर तोंड फिरवून बसायचा अन् आतला हसण्याचा आवाज ऐकून म्हणायचा, "चलो, बेटी का बाजार गरम है." तो तिला बेटी म्हणायचा, ती त्याला चाचा.

ही वाट कागदावर कुठंच नव्हती. म्हाताऱ्याच्या बापानं तिच्या सासऱ्याला म्हटलं होतं, येत जा. बस, तेवढंच. आमच्या धंद्यात एक कडू गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात की परवानगीची वाट शंभर वर्षं चालली तरी हक्काची होत न्हाई.

म्हाताऱ्याची मुलगी हैदराबादेत दिली होती. डोळे गेले तसं तिनं बापाला बोलावून घेतलं. दुकान अन् अंगण त्यानं कापसाच्या एका आडत्याला विकलं. म्हातारा अगदीच बेसावध नव्हता. त्यानं आडत्याला विचारलं होतं, बेटीची वाट? आडत्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, राहील. मंग आडत्याच्या मुनीमानं म्हाताऱ्याच्या हातात साखरेचं ताट दिलं अन् बरोबर दोन माणसं दिली. म्हाताऱ्याला वाटलं, नीट दिसत न्हाई म्हणून सोबत दिली. केवढी माणुसकी!

पुढं काय झालं ते मला कासारणीनंच सांगितलं. अंगणात भिंतीचे दगड येऊन पडले तेव्हा ती माझ्याकडं आल्ती. मी विचारलं, "बाई, खबर कळली तेव्हा तू काय म्हणालीस? अगदी बराबर आठवून सांग."

"म्हणलं, चाचा, माझं मागचं दार?"

"मंग?"

"चाचा म्हणले, खुला रहेगा बेटी, उन्ने जबान दिया है. मंग मला रडू आलं. ते चालले होते ना हैदराबादेला. साखर घेतली अन् पाया पडले."

"साखर तोंडात टाकलीस?"

"मंग काय फेकू?"

मी कपाळाला हात लावला. असा राग आला होता! कुणाचा, ते विचारू नका. तिचा तर आलाच. किंमत द्यायची तिची तयारी होती; भाऊ परतूरकडं चांगला खातापिता शेतकरी, तिच्या पाठीशी उभा होता, अन् अंगावरचं सोनं तिनं रुमालात बांधूनच आणलं होतं. सगळं होतं हो बाईकडं. फक्त एक वाक्य नव्हतं. मी म्हणालो, "बैल गेला अन् झोपा केला, असं झालंय हे." ती मंग म्हणाली, "दार गेलं की माझं काय राहिलं, वकीलसाहेब? पुढच्या दारानं खेड्यातल्या बाया येतात, त्या बाजाराच्या दिवशी. बाकीचे दिवस मी काय भिंतीला बांगड्या भरू?"

मी दावा लावला. मुन्सफाच्या कोर्टात तारखा पडत गेल्या. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही तर रोजच चढायचो, म्हणजे आमच्या शहाणपणाचा निकाल आधीच लागलेला. कापसाचा हंगाम आला अन् गेला. कोर्टाच्या हुकुमानं भिंत थांबली होती, बायका मागनं येत होत्या, पर पाय अडखळत, दगडांना वळसा घालून. सासरच्यांनी पोरींना पाठवणं कमी केलं. अंगणात आडत्याचे हमाल बसायला लागले होते.

तिच्या साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली मी तिला समजावलं. वकील खोटं शिकवत न्हाई. कायद्याला काय ऐकायला आवडतं, तेवढं फक्त सांगतो. मी म्हणालो, "साखर घेण्याच्या आधी कुणी 'मी हे दुकान शुफ्याच्या हक्कानं मागते' असं म्हटलं, तर कोर्ट ते मानतं. गवाह त्यांचे आहेत, ते न्हाई म्हणतील. पर तू म्हटलं असशील, तर म्हटलं असशील."

तिनं ते वाक्य दोनदा पुटपुटलं. मंग विचारलं, "चाचा येणारेत का?"

"येणारेत. हैदराबादेहून बोलावलंय त्यांना. दोन्ही बाजूंची मदार त्यांच्यावरच हाय."

"मंग त्यांच्यासमोर कसं म्हणू? त्यांना ठावं हाय मी काय म्हणलं ते."

झालं. मी हात टेकले. आत गेल्यावर तिनं जसंच्या तसं सगळं सांगितलं. रडल्याचंही सांगितलं. पलीकडचा वकील, गोल चेहऱ्याचा, सदा पान चघळणारा, तो माझ्याकडं बघून हसला. त्याचं हसणं मला अजून सलतं.

मंग म्हातारा अत्तरवाला उभा राहिला. त्याला हाताला धरून आणावं लागलं. शपथ घेतली. पलीकडच्या वकिलानं विचारलं, साखर कबूल केली का? म्हातारा म्हणाला, "की. लेकिन पहले पूछी, मेरा दरवाजा? मैं बोला खुला रहेगा. मेरे को जबान मिला था साब. मैं वो जबान उसको दिया. शक्कर के साथ दिया." अन् ज्या बाजूला आडत्या बसलाय असं त्याला वाटत होतं, त्या बाजूला वळून म्हणाला, "बोलो ना सेठ, जबान दिये थे ना?" आडत्या दुसऱ्याच बाजूला बसला होता. 

मी जीव तोडून भांडलो. म्हणालो, हुजूर, "माझं दार?" हीच मागणी. गरीब बाई आणखी कोणत्या भाषेत हक्क मागणार? मुन्सफसाहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं ऐकून घेतलं. निकालात लिहिलं की बाईनं जे विचारलं तो प्रश्न होता, मागणी नव्हती. शुफा मागावा लागतो, विचारता येत न्हाई. तोंडी व्यवहार कागदावर नसल्यानं कोर्टाला दिसत न्हाई. दावा खारीज. त्यातलं अक्षरही चूक नव्हतं, हेच तर दुखणं. चूक असती तर मी हैदराबादेच्या मोठ्या कोर्टापर्यंत गेलो असतो.

बाहेर आल्यावर म्हातारा तिला शोधत होता. हवेत हात फिरवत म्हणत होता, "बेटी, मेरे हाथ से जहर खाई तू." तिनं त्याचा हात धरला अन् म्हणाली, "साखरच होती चाचा. गोड लागली होती." मी तिथून निघून आलो. असल्या वेळी वकिलाचं तिथं काय काम? घरी येऊन बायकोवर उगीच डाफरलो.

भिंत झाली. मागचं दार आतून विटा लावून बुजवलं. ईद आली, लग्नसराई आली, पडद्यातल्या बायका आल्या न्हाईत, येणार कुठून? मंग कासारीणच निघाली. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन मोहल्ल्यात घरोघर. काही वर्षं तिनं ते ओढलं. मी कचेरीला जाताना दिसायची, पाटी उतरवून एखाद्या ओट्यावर गुडघे चोळत बसलेली. मी मान खाली घालायचो. तीच हाक मारायची, "वकीलसाहेब, काय म्हणती कचेरी?" मी म्हणायचो, "मरू दे कचेरी." एवढंच बोलणं.

गुडघे अगदीच गेले तेव्हा ती पुन्हा माझ्याकडं आली. म्हणाली, "विकते. भाऊ बोलावून राह्यलाय परतूरला." गिऱ्हाईक कोण? तोच आडत्या. दुसऱ्या कुणाला विकावं म्हटलं, तर आता तोच शेजारी. तोच शुफा मागून बसला असता. कायद्याची गंमत बघा! जो हक्क हिला मिळाला न्हाई, तो त्याच्या खिशात आयता.

ओळीतल्या तिसऱ्या दुकानाचं, कल्हईवाल्याचं, आता सांगितलं पाहिजे. त्याच्या अन् कासारणीच्या दुकानामधून एक अरुंद बोळ मागं जायचा, तिथं तिचा आड होता. बोळ तिचा, आड तिचा, म्हणजे त्याची भिंत तिच्याच जागेला लागलेली. कल्हईवाल्याला दिवसभर पाणी लागायचं, भांडी घासायला, विझवायला. त्याच्या बापापासून तो तिथलंच पाणी ओढायचा, कुणी कधी विचारलं न्हाई. कासारणीनं मला सांगितलं, "ह्याचं पाणी कागदात लिहा." मी मुनीमाला म्हणालो. मुनीम म्हणाला, "लिहायचं कशाला? सेठ न्हाई म्हणणारेत का? जबान देतो." बाई हसली. मी तिला त्या सगळ्या वर्षांत हसताना बघितलं ते तेव्हाच.

लिहायला त्यांनी नकार दिला तो दिलाच. ती म्हणाली, राहू द्या. बैनामा झाला, रजिस्ट्री झाली, किंमत तिच्या भावाच्या हाती आली. कचेरीबाहेर मुनीम साखरेचं ताट घेऊन तयारच होता. बरोबर त्याचे दोन गवाह. सगळं जसंच्या तसं. ताट तिच्या हातात दिलं अन् आम्ही सगळे बाजाराकडं निघालो. माझ्या अंगात त्राण नव्हतं. म्हटलं, एकदाचं हे उरकावं अन् घरी जाऊन पडावं.

कल्हईवाला भात्याजवळ बसला होता. बाईच्या हातातलं ताट बघून उठला, हात धोतराला पुसले अन् रिवाजाप्रमाणं ओंजळ पुढं केली. डोळे भरून आले होते त्याचे. कासारणीनं ताट मागं ओढलं.

"दुकान विकलं रे. ह्यांच्या सेठला विकलं. बोळ गेला, आड गेला. आता आधी बोल, मंग साखर."

"काय बोलू माय?"

"म्हण, मी हे दुकान शुफ्याच्या हक्कानं मागतो."

मुनीम ओरडला, "ओ बाई, काय चाललंय हे?"  मी तिचा वकील, सौदा तिचा, अन् बाई स्वतःच्याच सौद्याला चूड लावून राहिली होती! मी म्हणालो, "बाई, भलतं काय करती? त्याच्याजवळ किंमत कुठली?"

तिनं माझ्याकडं बघितलंही न्हाई. "म्हण," ती म्हणाली. "खबर आत्ता कानावर पडली हाय. गवाह दोन उभे हायेत. म्हण."

कल्हईवाला ओंजळ तशीच धरून एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. मंग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मागतो. मी हे दुकान शुफ्याच्या हक्कानं मागतो." तिनं त्याला आणखी एकदा म्हणायला लावलं, मोठ्यानं. समोरच्या दुकानातले लोक खाली उतरून आले. मुनीमानं आणलेले दोघं गवाह एकमेकांकडं बघत राहिले, अन् अर्धा बाजार आयता गवाह झाला. मंग तिनं साखरेची मूठ भरून त्याच्या ओंजळीत टाकली. चिमूट न्हाई, मूठ.

मला हसू आलं का रडू, आता सांगता येत न्हाई. इतक्या वर्षांचा शिणवटा त्या एका क्षणी अंगातून गेला, एवढं खरं. कोर्टात जे वाक्य ती म्हणू शकली न्हाई, ते तिनं पाटी डोक्यावर घेऊन घरोघर फिरताना जपून ठेवलं होतं.

कल्हईवाला ते दुकान कधीच घेऊ शकला नसता, हे आडत्यालाही ठाऊक होतं. पर शेजारी दोघंही, हक्क बरोबरीचा; अन् दावा म्हणजे तारखा, अन् कापसाचा हंगाम तोंडावर होता. त्याला तिथं गोदाम बांधायचं होतं, बांधकाम थांबलं तर माल ठेवायचा कुठं? तो पान चघळणारा वकील स्वतः माझ्याकडं चालत आला. मी त्याला बराच वेळ ओट्यावर बसवून ठेवलं, मुद्दाम. तडजोड झाली. कल्हईवाल्यानं मागणी सोडायची, अन् बोळ नि आडाचं पाणी त्याला अन् त्याच्या पोराबाळांना कायमचं, स्टांपावर, रजिस्टर करून. तो कागद मी लिहिला. माझ्या हयातीत लिहिलेल्या कागदांत तेवढाच एक मी पुन्हा वाचून बघितला, नुसता वाचायचा म्हणून.

परतूरला जाण्याच्या दिवशी कासारीण भावाबरोबर माझ्या घरी आली अन् माझ्या बायकोच्या हातात हिरव्या बांगड्या भरून गेली. जाताना मी तिला तो कागद झाल्याचं सांगितलं. म्हणालो, "बाई, तू तर आम्हा वकिलांच्या वर गेलीस. त्याचं पाणी राहिलं."

ती उंबऱ्यावर थांबली. गुडघा धरून हळूहळू उतरत होती. म्हणाली, "त्याचं राहिलं, बरं झालं." मंग खाली पोचल्यावर वळून माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता, हेच मला सोसलं न्हाई.

"मलापण त्या दिवशी कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं ना, वकीलसाहेब," ती म्हणाली, "आधी बोल, मंग साखर."